मुन्शी जाफर शरीफ आणि त्यांचे 'कानून-ए-इस्लाम'

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून एकाचे नाव असावे आणि विद्वानांच्या जगाने तो ग्रंथ दुसऱ्याच्याच नावाने ओळखावा, असा प्रकार 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथाच्या बाबतीत घडला. हा ग्रंथ १८३२ साली लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर 'दख्खनचे रहिवासी जाफर शरीफ' असे लेखकाचे नाव स्वच्छ छापलेले आहे. त्याखाली, मद्रास सरकारच्या सेवेतील शल्यवैद्य डॉ. जी. ए. हर्क्लॉट्स यांच्या देखरेखीखाली हा ग्रंथ रचला गेला आणि त्यांनीच त्याचे भाषांतर केले, असाही उल्लेख आहे. पुढच्या शंभर वर्षांत मात्र संशोधकांच्या तळटिपांत 'हर्क्लॉट्स म्हणतो' असेच वाचायला मिळते. मुन्शी मागे राहिला, डॉक्टरसाहेब पुढे गेले.

या मुन्शीची ओळख आम्हाला करून द्यावीशी वाटते. कारण आपण मुसलमान कसे जन्मतो, कशी नावे ठेवतो, लग्ने कशी लावतो, मयत कशी उचलतो, सण कसे साजरे करतो, याची दख्खनमधील सर्वांत तपशीलवार जुनी नोंद आपल्यातल्याच एका माणसाने केलेली आहे. आणि ती ज्या शास्त्राच्या खात्यावर जमा झाली, ते शास्त्र तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

त्या शास्त्राला मराठीत 'मानववंशशास्त्र' म्हणतात. हा शब्द आम्हाला फारसा पटत नाही. त्यातला 'वंश' वाचकाला लगेच कवट्या, नाके आणि रक्तगट यांच्याकडे घेऊन जातो. 'मानवशास्त्र' हा शब्द अधिक बरा. उर्दूत त्याला 'बशरियात' म्हणतात. बशर म्हणजे माणूस. या शास्त्राची एक शाखा माणसाच्या शरीराचा अभ्यास करते, आणि दुसरी, म्हणजे सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र, माणूस माणसांत राहून जे शिकतो त्याचा. बोलणे, जेवणे, नातीगोती, श्रद्धा, भीती, देणेघेणे, रुसवेफुगवे हे सगळे तिच्यात येते. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ साली संस्कृतीची व्याख्या केली. तिचा सारांश असा की, समाजाचा घटक म्हणून माणूस ज्या ज्या गोष्टी मिळवतो, त्या सर्वांची मिळून संस्कृती होते. म्हणजे ती कोणाच्या रक्तात नसते, आईच्या मांडीवर आणि गल्लीत शिकली जाते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ही व्याख्या पाठ करावी लागते आणि परीक्षा झाली की विसरली जाते. पण जाफर शरीफ यांची पाने चाळताना ती आम्हाला पुन्हा आठवली.

टायलरच्या आधी साडेआठशे वर्षे अल-बेरुनी होऊन गेला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ख्वारिझममध्ये ९७३ साली जन्मलेला हा विद्वान गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास त्याने 'किताब-अल-हिंद' पूर्ण केले. दुसऱ्या समाजाला समजून घेणे का अवघड असते, याची कारणे तो पहिल्याच प्रकरणात देतो. भाषेची अडचण सांगतो, चालीरीतींतले अंतर सांगतो, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांनी इथल्या लोकांच्या मनात मुसलमानांविषयी जो तिटकारा बसला, तोही लपवत नाही. आपण वाद घालायला बसलेलो नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडणार, ही त्याची भूमिका होती. त्याच्या एका छोट्या निरीक्षणावर आम्ही खूश आहोत. हे लोक घरात शिरताना परवानगी विचारत नाहीत, पण निघताना विचारतात, असे तो नोंदवतो. मराठी घरातून उठताना आजही पाहुणा 'येऊ का?' असेच विचारतो. हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या कानाने हे टिपले होते.

पण अल-बेरुनी दुसऱ्यांविषयी लिहीत होता. जाफर शरीफ स्वतःच्या घराविषयी लिहीत होते. दोन्ही कामे सारखी नाहीत. परक्याला सगळेच नवे दिसते. घरच्या माणसाला जे रोज दिसते ते लिहिण्यासारखे आहे, हेच मुळी सुचत नाही.

या मुन्शीविषयी जी थोडी माहिती मिळते, ती विल्यम क्रुक यांच्याकडून. क्रुक यांनी १९२१ साली ऑक्सफर्डतर्फे या ग्रंथाची नवी आवृत्ती 'इस्लाम इन इंडिया' या नावाने काढली. त्यांच्या सांगण्यानुसार जाफर शरीफ हे कृष्णा जिल्ह्यातील एलोरचे. हे एलोर म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशातील एलुरु, आपले वेरूळ नव्हे. ते मद्रास सरकारच्या नोकरीत मुन्शी होते, पंथाने सुन्नी, पण शियांच्या बाबतीत सहिष्णू. आणि त्यांच्याविषयी क्रुक असेही सांगतात की, हा मनुष्य सामान्य कुळातला होता व स्वतःच्या मुलुखात त्याला काही मान नव्हता. हे वाक्य आम्हाला बोचले. खानदानी नसलेल्या माणसानेच हे लिहावे यात आम्हाला मात्र नवल वाटत नाही. नवाबाच्या दिवाणखान्यात बसून पाचवीच्या दिवशी दाईला काय द्यायचे, मोहरमच्या खड्ड्यात लाकडे कोण टाकतो, भूत उतरवणारा काय काय मागतो, हे कळत नसते.

आणि त्यांनी लिहिले ते किती! मूल पोटात असल्यापासून सुरुवात. सातव्या महिन्याचा विधी, बाळंतपण, कानात अजान, नाव ठेवणे, छटी, चाळीस दिवसांचा चिल्ला, अकीका. मग मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाह. मग खतना, कुराण पूर्ण झाल्याचा समारंभ, आणि त्यानंतर लग्न. हे प्रकरण तर संपता संपत नाही. हळद, मेहंदी, साचक, निकाह, जल्वा, चौथी, सगळे क्रमवार. पुढे वर्षाचे महिने घेऊन सणवार: मोहरमचे आशुरखाने, अलम, अलाव्याचा खड्डा, मजनू आणि वाघाची सोंगे घेणारे फकीर, आखरी चहारशंबा, बारा वफात, दस्तगीरांची ग्यारहवी, झिंदा शाह मदार, नागोरचे कादिर वली, शबे-बरात, रमजान, बकरी ईद. मग तावीज, आकड्यांची यंत्रे, जिन्नांना हजर करणे, चोर शोधून काढण्याचे तोडगे, स्वप्नांचे अर्थ. शेवटी मृत्यू, कफन-दफन, तिसऱ्या दिवसाची जियारत. एवढ्यावरही समाधान नाही म्हणून परिशिष्टात नात्यांची नावे, वजने-मापे, कपडे, दागिने, वाद्ये, मुलांचे खेळ आणि स्वयंपाकाच्या कृती!

हे सगळे त्यांनी दखनीत लिहून दिले आणि छापले गेले ते इंग्रजीत. दखनीविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. आमच्या शाळेत येणारे मूल घरी दखनी बोलते, वर्गात उर्दू वाचते आणि बाजारात मराठी. त्याच्या 'हौ' आणि 'नक्को'वर वर्गात लाल शाई फिरते. तो 'नक्को' मराठीच्या 'नको'चाच भाऊ. बहमनी आणि आदिलशाही काळात ज्या भाषेत कवी आणि सुफी लिहीत होते, ती आज अशुद्ध उर्दू समजली जाते. १८३२ साली एका मुन्शीला मात्र ही भाषा जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे सांगायला पुरेशी वाटली होती.

जाफर शरीफ यांची शैली कशी? कोरडी. ते स्वतः नेमके सुन्नी मुसलमान होते, तरी अमुक रीत गैर आहे, तमुक बिदअत आहे, असा निवाडा करत बसत नाहीत. जे दिसते ते सांगतात. समाज कसा असावा हे सांगण्याच्या फंदात पडत नाहीत. मानवशास्त्राचा पहिला धडा म्हणून विद्यापीठांत जे शिकवले जाते, ते हेच. पोलंडहून आलेल्या ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर मुक्काम ठोकला, तिथली भाषा शिकली, तंबूतून बाहेर पडून लोकांत राहिला आणि १९२२ साली ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथापासून या शास्त्राची आधुनिक पद्धत सुरू झाली, असे मानतात. आमच्या मुन्शींना तंबू ठोकण्याची गरजच नव्हती. ते जन्मापासूनच मुक्कामाला होते.

पण या कौतुकात एक गोष्ट विसरता येत नाही. हे काम साहेबाच्या सांगण्यावरून झाले. ज्या प्रजेवर राज्य करायचे तिचे मन, सण आणि भांडणे कळायला हवीत, ही कंपनी सरकारची गरज होती. कोणते प्रश्न विचारायचे ते हर्क्लॉट्सने ठरवले. जादूटोणा, तावीज, भुतेखेते यांना ग्रंथात जी ऐसपैस जागा मिळाली, तिच्यामागे लंडनच्या वाचकाची उत्सुकता नसेल असे म्हणवत नाही. शेतकरी मुसलमान काय पिकवतो, विणकराला मजुरी किती मिळते, सावकार किती व्याज घेतो, यासाठी तशी जागा नाही. वाचणाऱ्याला वाटावे की हिंदुस्थानी मुसलमान वर्षभर फक्त फातेहा देत असतो.

दुसरी उणीव बायकांची. छटी, चिल्ला, हळद, जल्वा हे सगळे प्रांत बायकांचे, आणि लिहिणारा पुरुष. त्याच वर्षी, म्हणजे १८३२ सालीच, मिसेस मीर हसन अली या इंग्रज बाईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लखनौच्या मीर हसन अलींशी लग्न करून त्या बारा वर्षे हिंदुस्थानात राहिल्या होत्या. त्या परक्या असूनही जनान्यात बसल्या. मुन्शी घरचे असूनही दाराबाहेर राहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. आणि एक वर्ष आधी, १८३१ साली, पॅरिसमध्ये गार्सां द तासी यांनी हिंदी मुसलमानांच्या धर्माचारावर निबंध लिहिला होता. ते गृहस्थ हिंदुस्थानात कधीच आले नाहीत! तरी उर्दूचे मोठे अभ्यासक म्हणून आम्ही त्यांचा आदर करतो.

पुढे या शास्त्राने सरकारी वळण घेतले आणि ते वळण फारसे चांगले नव्हते. मुंबईत १८८६ साली अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिथे निबंध वाचले जाऊ लागले, इथपर्यंत ठीक. पण हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता ठरवण्याचा उद्योग केला, आणि हेच रिस्ले १९०१च्या जनगणनेचे प्रमुख झाले. त्या जनगणनेच्या बंगालच्या अहवालात मुसलमानांचे अशराफ, अजलाफ आणि अर्झल असे थर नोंदवले गेले. हे थर इंग्रजांनी निर्माण केले असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. इंग्रजांनी त्यांना रकाना दिला, एवढेच. आपल्या महाराष्ट्रात त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्यात खेड्यातला मुलाणा बलुतेदारांत भेटतो. बकरे हलाल करायचे आणि खळ्यावर आपला वाटा न्यायचा, हा त्याचा हक्क. तो गावच्या रचनेत सुतार, लोहार, कुंभार यांच्या रांगेत उभा होता. पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, शिकलगार, छप्परबंद ही नावे इराण-अरबस्तानातून आलेल्या वंशांची नाहीत, इथल्या धंद्यांची आहेत. 'आमच्यात जात नाही' असे व्यासपीठावरून सांगायचे आणि सोयरीक करताना बिरादरी विचारायची, हे आपण सगळे पाहतो. शाळेत दाखल्याच्या वेळी ओबीसीचा रकाना भरताना तर आमच्या टेबलासमोर हा प्रश्न रोज उभा असतो. धर्म समतेचा आणि समाज थरांचा, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. ती वेगवेगळी ठेवून पाहायला हे शास्त्र शिकवते.

स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या माणसांनी हाती घेतले. गौस अन्सारी यांनी १९६० साली उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवर लिहिले. प्रा. इम्तियाज अहमद यांनी १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत जात, कुटुंब व विवाह, धर्मविधी आणि आधुनिकीकरण असे चार ग्रंथ संपादित केले. निरनिराळ्या प्रांतांत प्रत्यक्ष जाऊन केलेले अभ्यास त्यांत एकत्र आले. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात अशराफ-अजलाफ-अर्झलची चर्चा आली, ती काही आकाशातून पडलेली नव्हती.

मराठी वाचकांना इरावती कर्वे 'युगान्त'मुळे माहीत असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नातेसंबंधांवर जे काम केले, ते १९५३ साली ग्रंथरूपाने आले. नात्याचे शब्द म्हणजे नुसत्या हाका नसतात, त्यांत लग्नाचे नियम दडलेले असतात, हे त्यात समजते. मराठी सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' का म्हणत असे? कारण आत्येभाऊ-मामेबहिणीचे लग्न इथे चालत होते. चुलत किंवा मावस भावंडांचे मात्र हिंदूंत चालत नाही. आपल्याकडे चारही चालतात. त्यामुळे आपल्या घरात सासू खरोखरच खाला किंवा फुफू असू शकते. उत्तरेकडच्या हिंदूंना यातले कोणतेच नाते लग्नासाठी चालत नाही. त्यांना दख्खनचा ब्राह्मण आणि दख्खनचा मुसलमान दोघेही सारखेच अजब वाटतील.

हे आम्हाला पुस्तकात कळण्याआधी मुलांच्या वह्यांत दिसले होते. सातवी-आठवीच्या मुलामुलींना आम्ही दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो: नानी-दादीला विचारून घरातल्या रीती तिच्याच शब्दांत लिहून आणा. पहिल्या वर्षी एक वडील शाळेत आले. रागावले नव्हते, पण अस्वस्थ होते. म्हणाले, "सर, ये सब हम छोड दिये. आप फिर कायकू निकालते?" त्यांचे म्हणणे आम्हाला क्षुल्लक वाटले नाही. त्यांनी कर्ज काढून बहिणीचे लग्न केले होते. साचक-चौथीच्या खर्चाने घर बुडताना पाहिले होते. त्या रीती सोडण्यात त्यांचा धर्म होता तसा हिशेबही होता. आम्ही एवढेच म्हणालो की, सोडले तेही लिहून आणू द्या, का सोडले तेही. त्यांच्या मुलीने पुढे जे लिहून आणले, त्यात लग्नाच्या खर्चाची यादी वडिलांनीच सांगितलेली होती. जाफर शरीफ यांच्या ग्रंथाला जे साधले नाही, ते आठवीतल्या मुलीच्या वहीत आले.

त्या वडिलांचा प्रश्न विद्वानांनीही घातला आहे. फ्रान्सिस रॉबिन्सन या इतिहासकारांनी १९८३ साली प्रा. इम्तियाज अहमद यांच्या ग्रंथांना आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, स्थानिक रीती आणि ग्रंथातला इस्लाम शेजारी-शेजारी सुखाने नांदतात हे चित्र अपुरे आहे. दीर्घ काळात ग्रंथाचा आदर्श रीतींना मागे सारतो. पुढच्या वर्षी वीणा दास आणि गेल मिनॉल्ट यांनी त्यावर लिहिले. आम्हाला विचाराल तर रॉबिन्सन निम्मे बरोबर आहेत. आपल्या डोळ्यांदेखत अलाव्याचे खड्डे बुजले, पंजे पेटीत गेले. पण ते फक्त ग्रंथामुळे नाही. १८९३च्या मुंबईतील दंगलीनंतर पुण्यात हिंदूंनी ताबूतांत भाग घेऊ नये असा प्रचार झाला, आणि तोपर्यंत दोघांचा असलेला उत्सव एकाचा उरला. रीत मरते तेव्हा तिच्या मृत्यूचे कारण नेहमी मशिदीतच सापडते असे नाही.

आणि काही ठिकाणी रॉबिन्सन यांचा नियम चालतही नाही. लीला दुबे यांनी १९६९ साली लक्षद्वीपमधील कल्पेनी बेटावरील मुसलमानांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथे घराणे आईचे, ज्याला 'तरवाड' म्हणतात. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत जातो. पाच वेळा नमाज आहे, शरियत मान्य आहे, तरीही वंश आईकडून चालतो. मग वारसाहक्काचे काय? बेटावाल्यांनी त्यावर साधा तोडगा काढला. संपत्तीचे दोन भाग केले. तरवाडाची, आईकडून चालत येणारी ती 'शुक्रवारची' मालमत्ता. माणसाने स्वतः कमावलेली, शरियतप्रमाणे वाटली जाणारी ती 'सोमवारची'. नारळाचे एकेक झाड कोणत्या वाराचे आहे हे ज्याचे त्याला माहीत असते, आणि भांडण झाले तर ते बहुधा यावरूनच होते की, अमुक झाड सोमवारचे की शुक्रवारचे.